मृग लागला की ऑर्किडची कुंडी बदला

खान्देशात ऑर्किड का टिकत नाही, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: ऊन. उन्हाचा वाटा आहेच. पण मेलेल्या रोपाची कुंडी उपडी करून पाहा, बहुधा मुळं कुजलेलीच निघतात. कुंडीतलं मिश्रण तरी चुकलेलं असतं, नाहीतर कुंडी बदलायचा महिना.

आधी महिन्याचं बोलू. इंटरनेटवर जिथे तिथे ‘वसंतात कुंडी बदला’ असा सल्ला सापडतो. ज्या मुलखात तो लिहिला गेला, तिथे वसंतानंतर सौम्य उन्हाळा येतो. आपल्याकडे होळी झाली की पारा चढायला लागतो आणि एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला 43-45 अंश म्हणजे नेहमीचंच. कुंडी बदलताना कितीही जपलं तरी काही मुळं तुटतात आणि नवी मुळं धरायला चार ते सहा आठवडे जातात. फेब्रुवारीच्या शेवटी हलवलेलं झाड नेमकं उन्हाच्या झळांच्या तोंडी सापडतं. पानांतून पाणी उडत राहतं आणि ते भरून काढायला खाली मुळंच नसतात.

म्हणून इथला मुहूर्त मृगाचा. 7-8 जूनला मृग लागतो, पण तारखेपेक्षा हवा बघा. दोन-तीन बऱ्यापैकी पाऊस झालेत, दुपारचा पारा 36 च्या खाली आलाय, उघडा राहिलेला पापड मऊ पडतोय, म्हणजे हवेत ऑर्किडला हवी तेवढी ओल आली. तिथून जुलैअखेरपर्यंत काम उरकावं. ऑगस्टच्या मध्यापर्यंत चालून जातं. गणपतीनंतर हात लावू नये, कारण थंडीआधी मुळांना वाढायला वेळच उरत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा 10-12 अंशांवर येतो, तेव्हा मुळांची वाढ जवळपास थांबलेली असते.

झाडाची खूणही पाहायची. डेंड्रोबियम या कांड्यांनी वाढणाऱ्या ऑर्किडच्या जुन्या कांडीच्या बुडाशी नवा कोंब फुटतो आणि काही दिवसांनी त्या कोंबाच्या पायाशी मुळांचे हिरवट-पांढरे उंचवटे दिसतात. मुळं अर्धा ते एक सेंटिमीटर असताना कुंडी बदलली, की ती थेट नव्या मिश्रणात शिरतात. पाच सेंटिमीटरची झाल्यावर हलवलंत तर हमखास मोडतात, आणि टोक मोडलेलं मूळ पुढे वाढत नाही. फार तर बाजूने त्याला फाटा फुटतो. ही संधी दोन-तीन आठवड्यांचीच असते.

दरवर्षी कुंडी बदलायची गरज नसते. नारळाच्या सालीचे तुकडे दीड ते दोन वर्षं टिकतात, नुसत्या कोळसा-विटेत झाड तीन वर्षंही राहतं. सालीचा एक तुकडा काढून चिमटीत दाबा. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा चुरला किंवा आंबट वास आला, तर वेळ झाली. एखाद-दुसरी कांडी कुंडीबाहेर झुकली, चार मुळं बाहेर लोंबली, एवढ्यासाठी हलवू नका. डेंड्रोबियमला दाटीतच बरं वाटतं.

कुंडीत काय घालायचं

आपली काळी कसदार जमीन केळी आणि कापसाची, ऑर्किडची मात्र वैरीण. ओली झाली की ती फुगते आणि हवा कोंडते. ऑर्किडच्या मुळाभोवती पांढरं, स्पंजसारखं आवरण असतं. पाऊस पडला की ते झटकन पाणी शोषून घेतं आणि मग त्याला वाऱ्यावर सुकायचं असतं. सातपुड्यात झाडांच्या सालीवर वाढणारी रास्ना पाहिली तर हे लगेच कळतं. माती नाही, खत नाही, मुळं उघड्यावर, तरी इथला उन्हाळा काढते. (ती जंगलातच राहू द्या. रानातली ऑर्किडं उपटून आणायची नसतात आणि आणलेली सहसा जगतही नाहीत.) तेव्हा माती, शेणखत, गांडूळखत यातलं काहीही कुंडीत नको. कोकोपीटचा भुसाही नको, त्याचा चिखलच होतो.

डेंड्रोबियमसाठी दोन भाग नारळाच्या सालीचे तुकडे, दोन भाग लाकडी कोळसा आणि एक भाग विटांचे तुकडे घ्या. कोकणात नुसता कोळसा आणि वीट पुरते, कारण तिथे हवाच ओली. खान्देशात तेवढ्यावर भागत नाही, म्हणून सालीचं प्रमाण वाढवलंय. पाच इंची कुंडीला साधारण एक लिटर मिश्रण लागतं. पाच कुंड्यांना दोन लिटर साल, दोन लिटर कोळसा आणि एक लिटर वीट पुरेल. चार-पाच इंची कुंडीसाठी तुकडे दीड-दोन सेंटिमीटरचे, सहा इंचीसाठी तीन सेंटिमीटरपर्यंत. सगळं चाळणीतून काढा आणि खालचा चुरा टाकून द्या. चुरा फटींत बसला की हवेची वाट बंद होते.

कोळसा इस्त्रीवाल्याकडे मिळतो तसला, लाकडाचा आणि टणक. भरीत भाजून उरलेला नको. पऱ्हाटीचा कोळसा पोकळ असतो, बोटांनी चुरतो. दगडी कोळसा मुळीच नको. वीट लाल, पक्की भाजलेली, ठोकल्यावर खणखणणारी असावी. राखेच्या करड्या विटा हल्ली सगळीकडे मिळतात, पण त्यांत चुना-सिमेंट असतं. त्या इथे चालत नाहीत.

जास्त मेहनत नारळाच्या सालीला लागते. त्यात मीठ असतं आणि ते मुळांची टोकं जाळतं. तुकडे बादलीत बुडवून तीन दिवस ठेवा आणि रोज पाणी बदला. पहिल्या दिवशी पाणी काळ्या चहासारखं निघेल. फिकट पिवळं होईपर्यंत बदलत राहा. शहाळेवाल्याकडची ताजी साल असेल तर आधी तुकडे करून कडक वाळवा आणि मग पाच-सहा दिवस भिजवा. शेवटच्या रात्री लिटरला 4 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घातलेल्या पाण्यात ठेवून सकाळी धुतलं तर सालीला चिकटून राहिलेलं सोडियमही निघून जातं. कुठल्याही कृषी केंद्रात ते मिळतं. कोळसा आणि वीटही रात्रभर पाण्यात ठेवा. कोरडी वीट कुंडीत गेली तर मुळांच्या वाट्याचं पाणी तीच पिते.

कुंडी मातीचीच घ्या, बाजूला भोकं असलेली मिळाली तर उत्तम. मातीतून पाणी झिरपून उडतं, त्यामुळे माठासारखा गारवा राहतो. नवी कुंडी दोन-तीन तास पाण्यात बुडवून ठेवा. कुंडी केवढी? मुळांचा गुंता आत मावून, नव्या कोंबाच्या पुढे दोन बोटं जागा राहील एवढीच. मोठी कुंडी घेतली की मधलं मिश्रण आठ-आठ दिवस सुकत नाही आणि सड तिथूनच सुरू होते.

झाड काढताना

कात्री किंवा ब्लेड गॅसच्या ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवा आणि गार होऊ द्या. एका झाडाला वापरलेली कात्री पुन्हा तापवल्याशिवाय दुसऱ्याला लावायची नाही. ऑर्किडचे विषाणू झाडाच्या रसातून पसरतात आणि त्यावर औषध नाही. चार-पाच झाडं असतील तर प्रत्येकाला नवं दाढीचं ब्लेड घ्यावं.

झाडाला कुंडीसकट अर्धा तास पाण्यात बसवा. कोरडं मूळ कडकन मोडतं, भिजलेलं वाकतं. मुळं कुंडीच्या भिंतीला घट्ट चिकटलेली असतील तर ओढू नका. पातळ सुरी आतल्या कडेने फिरवून पाहा. तरीही सुटत नसतील तर कुंडीच फोडा. खापरीचा तुकडा मुळाला चिकटून राहिला तर तसाच नव्या कुंडीत जाऊ द्या. कुंडी वाचवण्यापेक्षा मुळं वाचवलेली बरी.

आता जुनं मिश्रण हाताने झाडा आणि मुळं एकेक तपासा. ओल्या मुळाकडे नुसतं पाहून फसायला होतं, म्हणून दाबून बघा. जिवंत मूळ टणक लागतं, ओलं असताना हिरवट दिसतं आणि वाळलं की रुपेरी-पांढरं. मेलेलं मूळ बोटात चपटं होतं, वरचं साल सुटून हातात येतं आणि आत दोऱ्यासारखी शीर उरते. अशी मुळं बुडापासून कापा. मूळ मधेच मेलं असेल आणि टोक जिवंत असेल तरी उपयोग नाही, जिवंत भागापर्यंत कापावं लागतं. चांगलं मूळ लांब आहे म्हणून छाटू नका, गोल वळवून कुंडीत बसवा.

पानं गळालेल्या जुन्या कांड्या कापायचा मोह होतो. हिरव्या आणि टणक असतील तर राहू द्या. नव्या कोंबाला पाणी आणि अन्न त्याच पुरवतात, आणि त्यांच्या डोळ्यांतून कधीकधी फूलही येतं. तपकिरी, सुकून हलकी झालेली किंवा मऊ पडलेलीच काढा.

झाडाचे दोन भाग करायचे असतील तर प्रत्येक भागात किमान तीन, शक्यतो चार कांड्या आणि एक नवा कोंब हवा. दोन-दोन कांड्यांचे तुकडे केले की संख्या वाढते, पण दोन वर्षं फूल दिसत नाही. कांडीच्या शेंड्याला फुटलेलं पिल्लू मात्र खुशाल वेगळं करा. त्याला पाच सेंटिमीटरची दोन-तीन मुळं असली म्हणजे झालं.

कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावा. ती फक्त कापावर, मुळांवर भुरभुरायची नाही, कारण मुळं सुकवते. कूज बरीच असेल तर कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेब एकत्र असलेलं बुरशीनाशक लिटरला 2 ग्रॅम घेऊन, हातमोजे घालून, मुळं दहा मिनिटं बुडवा. शेतकऱ्याच्या घरात कॉपर ऑक्सिक्लोराइडची पुडी पडलेली असते आणि हात तिकडेच जातो. ते डेंड्रोबियमला सोसत नाही, कोवळे कोंब काळे पडतात.

कापलेलं झाड सावलीत दोन-तीन तास उघडं ठेवा, मगच लावा.

लावताना

कुंडीच्या तळाशी मोठे विटांचे तुकडे एक-दीड इंच घाला. डेंड्रोबियम मधोमध लावायचं नसतं. सगळ्यात जुनी कांडी कुंडीच्या कडेला टेकवा आणि नवा कोंब मोकळ्या बाजूला येऊ द्या, कारण वाढ त्याच दिशेने सरकत जाते. मुळांच्या फटींतून मिश्रण सोडत जा आणि कुंडी बाहेरून थापटा, म्हणजे तुकडे आपोआप बसतात. काठीने ठासू नका. कांड्यांना जोडणारं आडवं खोड मिश्रणाच्या वर दिसत राहिलं पाहिजे. झाड पडू नये म्हणून ते पुरलं जातं आणि पहिल्याच श्रावणात कोंब सडतो.

पडू नये यासाठी काठी आहे. कुंडीत बांबूची कामटी घट्ट रोवा आणि दोन-तीन कांड्या तिला बांधा. नायलॉनची दोरी कांडीला कापते, त्यापेक्षा केळीच्या वाळलेल्या सोपटाची पट्टी छान. चार-पाच महिन्यांत ती कुजून गळते, तोवर मुळांनी पकड घेतलेली असते. आता झाड धरून हळूच उचला. कुंडीही सोबत उचलली गेली पाहिजे. झाड हललं, वाऱ्यावर डुलत राहिलं, की मिश्रणात शिरणारं नवं टोक दर वेळी घासून मोडतं. कुंडी बदलल्यावर वर्षभर वाढच नाही, अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा हेच कारण निघतं.

फॅलेनॉप्सिस या दुसऱ्या ऑर्किडची गोष्ट वेगळी. ते एकाच खोडावर उभं वाढतं, म्हणून कुंडीच्या मधोमध लावायचं आणि सगळ्यात खालच्या पानाचा देठ मिश्रणाच्या पातळीवर ठेवायचा. त्याला चार-पाच इंची पारदर्शक प्लास्टिकची, भरपूर भोकं असलेली कुंडी बरी, आतली मुळं दिसतात. सालीचे एक सेंटिमीटरचे तुकडे तीन भाग आणि कोळसा एक भाग पुरे. बाजारातून आणलेल्या रोपाच्या बुडाशी, मुळांच्या मध्यात शेवाळाचा (स्फॅग्नम मॉसचा) ओला गोळा कोंबलेला असतो. नर्सरीच्या नियंत्रित हवेत तो ठीक, घरी आणल्यावर तिथूनच सड लागते. फुलं ओसरली की तो बोटांनी सोडवून काढा. तो गोळा सडलेला सापडला तर मृगाची वाट पाहू नका, कुठल्याही महिन्यात काढा. मात्र भर एप्रिलमध्ये हे काम सूर्य मावळल्यावर करा आणि झाड कूलरच्या खोलीत ठेवा. फॅलेनॉप्सिसला 32-33 अंशांपुढे त्रास व्हायला लागतो, म्हणून नवशिक्याने इथे त्याच्यापासून सुरुवात करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. डेंड्रोबियम घ्या.

फेब्रुवारीत डेंड्रोबियमचं मिश्रण खरंच संपलेलं दिसलं तर मधला मार्ग आहे. मुळांचा गड्डा न सोडवता, तसाच उचलून एक इंच मोठ्या कुंडीत ठेवा, कडेने नवं मिश्रण भरा आणि खरं काम जूनवर ढकला.

नंतरचे सहा आठवडे

पहिले चार-पाच दिवस कुंडीत पाणी नाही. सकाळी पानांवर बारीक फवारा पुरतो. कापांना खपली धरायला तेवढा वेळ लागतो. कुंड्या वळचणीखाली ठेवा, झोडपणारा पाऊस नको. नंतर दोन-तीन दिवसांआड पाणी, वरचे तुकडे कोरडे दिसले की. हिरव्या 50 टक्के शेडनेटखाली पावसाळा निभतो. मार्चपासून 75 टक्के लागेल.

खताची घाई नको. कोंबाच्या पायाशी नखाएवढी ताजी हिरवी टोकं दिसली, साधारण महिन्याने, की 19:19:19 हे विद्राव्य खत सुरू करा. ठिबकमधून सोडतात तेच. प्रमाण मात्र लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा आणि झाड ओलं असतानाच. महिन्यातून एकदा नुसतं पाणी कुंडीतून भरपूर वाहू द्या, म्हणजे साचलेले क्षार निघून जातील. कोळसा क्षार धरून ठेवतो, हा त्याचा दोष.

त्यात आपलं बोअरचं पाणी जड. कुंडीवर पांढरी साय धरते आणि पानांची टोकं तपकिरी जळतात ती बहुधा त्यामुळेच. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, पीपीएममध्ये) 200 च्या खाली असेल तर निर्धास्त, 500 च्या वर असेल तर त्यात पावसाचं किंवा आरओचं पाणी अर्धं मिसळा. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र घालू नका, क्षार त्यातच एकवटलेले असतात. पावसाचं पाणी साठवणं वाटतं तेवढं अवघड नाही. गच्चीवर 2 बाय 2 मीटरचं प्लास्टिक ताणलं तर 25 मिलिमीटर पावसात 100 लिटर मिळतं. 200 लिटरचा झाकणाचा ड्रम भरून ठेवला तर दहा कुंड्यांना रोज पाव लिटरप्रमाणे 80 दिवस पुरतो, म्हणजे अख्खा एप्रिल-मे निघतो. आणि मे महिन्यात दुपारी गच्चीच्या काळ्या टाकीतलं पाणी हातालाही चटका देतं. ते थेट मुळांवर जाऊ देऊ नका. सकाळी सहा-सातला पाणी घाला किंवा रांजणातलं घ्या.

कांड्या सुरकुतल्या तर पाणी वाढवण्याआधी एक मूळ पाहा. पाणी कमी पडल्यानेही कांड्या सुरकुततात आणि मुळं सडल्यानेही. मुळं टणक असतील तर तहान आहे, पाणी वाढवा. मऊ असतील तर पाणी बंद करा आणि झाड पुन्हा काढा. मुळं जवळपास नाहीतच असं निघालं तर बुडाला किंचित ओलं शेवाळ गुंडाळून, चार-पाच भोकं पाडलेल्या पारदर्शक पिशवीत, सावलीत, 25-30 अंशांत तीन-चार आठवडे ठेवतात. टोकं फुटली की कुंडीत. नव्या कोंबाच्या पेल्यात पाणी साचून तो काळा, पाणचट झाला तर त्याच दिवशी निरोगी भागात एक सेंटिमीटर आत जाऊन कापा, ही कूज खाली पटकन उतरते. जुनी एक-दोन खालची पानं पिवळी पडून गळणं मात्र रीतसर आहे. पावसाळ्यात मुळांची टोकं रातोरात गायब होऊ लागली तर रात्री नऊ-दहाला टॉर्च घेऊन जा. कुंडीच्या तळाच्या भोकात गोगलगाय बसलेली सापडते.

पहिल्या उन्हाळ्यात या झाडांना कूलरच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीशी जागा द्या, झोतापासून पाच-सहा फूट दूर. पसरट थाळीत खडी आणि पाणी ठेवून त्यावर कुंडी बसवा. बूड पाण्याला टेकता कामा नये, आणि डासांसाठी थाळीतलं पाणी दर चार दिवसांनी बदला. कोरड्या हवेत पानांच्या मागे लाल कोळी येतो, पान खालून चंदेरी-भुरकट दिसायला लागतं. सकाळी पानांच्या मागच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा तीन-चार दिवस मारला तर बऱ्याचदा तेवढ्यावर आटपतं.

वांडा जातीचं ऑर्किड असेल तर ही सगळी यातायात नाही. तो टोपलीत नुसताच लटकतो. टोपली लहान पडली की ती तशीच मोठ्या टोपलीत ठेवायची, मुळं सोडवायची नाहीत. पण मेमध्ये त्याला दिवसातून दोनदा पाणी लागतं, हे घरात आणण्याआधी लक्षात घ्या.

प्रत्येक कुंडीत जात आणि कुंडी बदलल्याची तारीख लिहिलेली पट्टी खोचा. लिहायची पेन्सिलने. मार्करची शाई एका उन्हाळ्यात उडून जाते.